हॅकिंगच्या आधी लॉग वाचायला शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालांचा हंगाम आला की सात रस्ता, नवी पेठ आणि जुळे सोलापुरात 'सहा महिन्यांत एथिकल हॅकर, शंभर टक्के नोकरी' असे फलक झळकू लागतात. फलकावर काळा हुडी घातलेला, चेहरा न दिसणारा माणूस ठरलेला. पालक पोटाला चिमटा काढून फी भरतात. मुलगा सहा महिने काली लिनक्स या हॅकिंगसाठीच्या प्रणालीतली पाचपन्नास साधने उघडून पाहतो आणि पुण्यात मुलाखतीला गेल्यावर 'ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबले की पुढे काय काय होते?' या पहिल्याच प्रश्नाला अडतो. दोष मुलाचा नाही. शिकवण्याचा क्रमच उलटा आहे.

नवख्याला या क्षेत्रात पहिली नोकरी बहुधा पहाऱ्याची मिळते, हल्ल्याची नव्हे. सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, बोलीत 'सॉक', तिथे एल-वन, म्हणजे पहिल्या पातळीचा, ॲनालिस्ट म्हणून बसायचे. समोर इशाऱ्यांची रांग असते. त्यातला खोटा कोणता, खरा कोणता हे ठरवायचे, पुरावा जोडायचा आणि गरज असेल तर वरच्याकडे पाठवायचे. काम चोवीस तास चालते, त्यामुळे रात्रपाळी येतेच. दर शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने घरी यायचा बेत पहिल्याच महिन्यात मोडतो. पेनिट्रेशन टेस्टिंगच्या, म्हणजे परवानगीने हल्ला करून उणिवा शोधण्याच्या, जागा मुळात कमी, आणि त्यांना अनुभव लागतो. क्लासमध्ये शिकवतात मात्र तेच.

पहारेकऱ्यांची गरज कुठून आली तेही पाहावे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना चार स्तरांत विभागून सुरक्षेचे नियम घालून दिले. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, लॉग, म्हणजे यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. सहकारी बँका, साखर कारखाने, रुग्णालये आणि टॉवेलची निर्यात असलेल्या या जिल्ह्यात हे लॉग वाचणार कोण?

म्हणून सुरुवात नेटवर्कपासून. रोज दोन तास धरले तर नेटवर्क आणि लिनक्स मिळून तीन-चार महिने जातात. त्याहून लवकर उरकले तर पाया कच्चा राहतो. आयपी पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा क्रमांक) आणि सबनेट (अशा पत्त्यांचा गट) कागदावर सोडवता आले पाहिजेत: स्लॅश २६ आकाराच्या सबनेटमध्ये ६४ पत्ते, त्यातले यंत्रांना देता येणारे ६२. पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या सेवांचे क्रमांकित दरवाजे; पोर्ट २२, ५३, ४४३ आणि ३३८९ वर काय चालते हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यावे. दोन यंत्रांमधल्या टीसीपी जोडणीची सिन, सिन-ॲक, ॲक ही तीन पावले नेटवर्कवरची वाहतूक दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, कारण पुढचे बरेच काही त्यावर उभे आहे. पोर्ट तपासणारे एनमॅप एखादे पोर्ट 'ओपन' म्हणते तेव्हा समोरून सिन-ॲक आलेले असते, 'क्लोज्ड' म्हणते तेव्हा रिसेट आलेले असते, आणि 'फिल्टर्ड' म्हणजे उत्तरच आले नाही किंवा वाटेत कोणीतरी अडवले. मुले 'फिल्टर्ड'ला 'सुरक्षित' समजून अहवालात लिहितात. हा घोटाळा साधन शिकून आणि नेटवर्क न शिकून होतो.

सराव घरच्या लॅपटॉपवर होतो. ८ जीबी रॅम असेल तर विंडोज स्वतः तीन-साडेतीन जीबी खाते. काली लिनक्सला २ जीबी, सरावासाठी मुद्दाम कमकुवत बनवलेल्या मेटास्प्लॉइटेबल २ ला १ जीबी दिले की दोन्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकात आभासी संगणक ('मशीन') चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालतात. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर रॅम वाढवण्याआधी एसएसडी बसवावी, फरक लगेच कळतो. मशीन सुरूच झाली नाही तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते आधी पाहावे. सुरू होऊनही ती रांगत असेल आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसत असेल, तर विंडोजचे हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी आडवे येत आहे. मेमरी इंटिग्रिटी हे विंडोजचेच संरक्षण आहे. सरावापुरते बंद केले तर नंतर आठवणीने चालू करावे.

सगळ्यात मोठी चूक नेटवर्कच्या सेटिंगमध्ये होते. सवयीने 'ब्रिज्ड' (मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारे) निवडले जाते आणि २०१२ सालची, जगाला पासवर्ड ठाऊक असलेली ती कमकुवत मशीन वसतिगृहाच्या वायफायवर सर्वांसाठी खुली होते. सरावाच्या दोन्ही मशीनना 'होस्ट-ओन्ली' द्यावे. पत्ते साधारण १९२.१६८.५६ ने सुरू होणारे मिळतात आणि बाहेरचे कोणी तिथे पोहोचत नाही. कालीला अपडेट हवे असेल तेव्हा तेवढ्यापुरते 'नॅट' (लॅपटॉपमार्फत इंटरनेट देणारे) करावे. प्रयोगाआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जतन स्थिती, घ्यायची सवय लावली की मोडतोडीची भीती राहत नाही.

आता खरा धडा. उबुंटूची तिसरी मशीन घ्यावी (कमकुवत मशीन तेवढा वेळ बंद ठेवावी) आणि कालीवरून तिच्यावर एसएसएचने (दूरून लॉगिन करायच्या सोयीने) मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकावेत, शेवटी एकदा बरोबर. मग उबुंटूच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींच्या फाइलमध्ये) 'फेल्ड पासवर्ड' असलेल्या ओळी ग्रेप या शोध-कमांडने वेगळ्या काढून, कोणत्या पत्त्यावरून किती वेळा प्रयत्न झाला ते मोजावे. अपयशांची रांग ही रोजची गोष्ट आहे, इंटरनेटवरच्या कोणत्याही सर्व्हरवर ती दिसते. त्याच पत्त्यावरून रांगेनंतर आलेली एक 'ॲक्सेप्टेड' ओळ ही मात्र घटना. एवढा फरक ज्याला दिसतो तो एल-वनच्या कामाला लागू शकतो. उबुंटूऐवजी डेबियन १२ वापरणाऱ्यांना ही फाइल बहुधा सापडणार नाही, कारण ती लिहिणारे आरसिसलॉग तिथे आधीपासून बसवलेले नसते. त्यांनी जर्नल-सीटीएल ही कमांड वापरावी.

विंडोजवर हेच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये करावे. तिथे प्रत्येक प्रकारच्या नोंदीला क्रमांक असतो. ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन, ४६२५ अपयशी, ४७२० नवे खाते, ११०२ म्हणजे कोणीतरी सुरक्षा लॉगच पुसला. ४६२४ मध्ये लॉगिनचा प्रकार पाहायला विसरू नये: ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपने. नवी प्रक्रिया सुरू झाल्याची ४६८८ ही नोंद मुळात बंद असते आणि चालू केली तरी पूर्ण कमांड दिसण्यासाठी वेगळी सेटिंग लागते. त्यापेक्षा अशा नोंदी सविस्तर ठेवणारे मायक्रोसॉफ्टचेच मोफत सिसमॉन बसवलेले बरे. लॅपटॉप १६ जीबीचा असेल तर पुढची पायरी वाझू, म्हणजे अनेक यंत्रांचे लॉग एकत्र करून इशारे देणारा. तोही मोफत आहे. पण त्याच्या सर्व्हरलाच ८ जीबी सुचवलेले आहेत, त्यामुळे ८ जीबीच्या लॅपटॉपवर त्याचा हट्ट धरू नये.

वेळेचा गोंधळ अनुभवी माणसांनाही चकवतो. अनेक यंत्रणा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नोंद करतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगमध्ये रात्री २ वाजताचे 'संशयास्पद' लॉगिन हे प्रत्यक्षात सकाळी साडेसातला कामावर आलेल्या कारकुनाचे असू शकते. अहवालात वेळेपुढे भारतीय की यूटीसी हे लिहिलेच पाहिजे.

अहवालाचा सराव तर कोणताच क्लास घेत नाही. काय घडले, कधी, कोणत्या यंत्रावर, पुरावा कोणता, पुढे काय करावे, एवढे दहा ओळींत सोप्या इंग्रजीत लिहिता यावे. मराठी माध्यमाच्या मुलांना अडचण येते ती इथे, तांत्रिक भागात नव्हे. रोज एक असा अहवाल लिहिला तर दोन-तीन महिन्यांत हात बसतो.

दुसऱ्याच्या यंत्रणेवर, म्हणजे कॉलेजच्या संकेतस्थळावरसुद्धा, लेखी परवानगीवाचून प्रयोग करू नयेत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली अनधिकृत प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि 'शिकत होतो' हा बचाव पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीपुढे चालत नाही. वेब सुरक्षेसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, लिनक्ससाठी ओव्हरदवायरचा बँडिट, दोन्ही मोफत आणि कायदेशीर आहेत.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसमध्ये ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास ९०० पैकी ७५०; पाया पक्का झाल्यावर ते घेणे शहाणपणाचे. ओएससीपी या पेनिट्रेशन टेस्टिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, वर अहवालाला आणखी २४ तास; ती पहिल्या वर्षी घेण्याची नव्हे. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांसाठीच्या पूर्ण प्रमाणपत्राला साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा बारावीनंतर ते 'करून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावे. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा नेटवर्क व सुरक्षेचा सहा महिन्यांचा डिटिस अभ्यासक्रम आमच्या मते अनेक खासगी क्लासपेक्षा सरस आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. बीएस्सीच्या मुलांनी पात्रतेचे निकष अर्ज भरण्याआधी नीट वाचावेत.

फी भरण्याआधी क्लासवाल्यांना विचारावे: लॉगचा सराव किती तासांचा? मशीन विद्यार्थी स्वतः उभारतो की तयार मिळते? आणि मागच्या तुकडीतल्या मुलांना नेमकी कोणत्या पदाची पत्रे मिळाली? 'प्लेसमेंट' म्हणून दाखवलेली नोकरी पुष्कळदा टेलिकॉलरची निघते.

गावातच करण्याजोगे एक काम सांगतो. निर्यातदारांना ठरलेल्या पुरवठादाराच्या नावाने, किंवा त्यांच्या ग्राहकांना निर्यातदाराच्याच नावाने, 'आमचे बँक खाते बदलले आहे' असा मेल येतो आणि पैसे भलतीकडे जातात. ज्या कंपनीच्या नावाने असा मेल जाऊ शकतो तिच्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (नकली मेल ओळखू देणाऱ्या नोंदी) लावले आहेत का, हे त्या कंपनीच्या संमतीने तपासून देणे विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. बहुतेकांचे डीमार्क असले तरी 'नन'वर असते, म्हणजे नकली मेलचा फक्त अहवाल येतो, मेल अडत नाही. थेट 'रिजेक्ट' (मेल नाकारणे) केले तर कंपनीचीच बिले परत येऊ लागतात, कारण बिले पाठवणारे सॉफ्टवेअर नोंदवायचे राहिलेले असते. आधी काही आठवडे अहवाल वाचावेत, मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाकणे), मग 'रिजेक्ट'. एका अक्षराने वेगळ्या, मिळत्याजुळत्या डोमेनवरून आलेला मेल यातले काहीच थांबवत नाही. तिथे जुन्या नंबरवर फोन करून खात्री करणे हाच उपाय. मेलबॉक्समध्ये कोणी गुपचूप फॉरवर्डचा नियम लावून ठेवला आहे का, तेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

शेवटी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना विनंती. बीसीए आणि बीएस्सी संगणकाच्या लॅब रविवारी कुलूपबंद असतात. या सरावासाठी त्यातले दहा संगणक कॉलेजच्या नेटवर्कपासून तोडून एका साध्या २४ पोर्टच्या स्विचवर जोडावेत. इंटरनेट देऊ नये, पेन ड्राइव्ह फक्त शिक्षकांनी लावावा, आणि संध्याकाळी सर्व मशीन स्नॅपशॉटवर परत न्याव्यात. नवी खरेदी झाली तर तेवढ्या स्विचची आणि केबलची.

आपले,
नेटवर्क व सायबर सुरक्षा क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
सोलापूर