सर, ती काठी आठवते का?

नमस्कार सर, नववीत तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायचात, मी मुरबाडकडची, आता स्वतः सातवीला शिकवते. बरीच वर्षं थँक्यू म्हणायचं राहिलंय, आज लिहितेच.

तेव्हा तुम्ही सांगितलंत की २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि लोकांना त्यांच्याबद्दल असलेल्या माहितीची वही) करायची असते, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ही कल्पना पुढे नेली वगैरे, आणि मग म्हणालात आपण वर्गाचीच एक करूया. आम्हाला वाटलं प्रोजेक्ट आहे, गाईडमधून उतरवू. पण तुम्ही म्हणालात गाईड नको, घरी विचारा, आणि "माहिती कोणी दिली" असा रकाना आखायला लावलात. माझ्या आजीला सही येत नव्हती, "माझं नाव कशाला वहीत" म्हणून लाजत होती, तरी टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्यांचं सगळं तिनेच सांगितलं.

शेवळांवरून तर केवढा वाद! पहिल्या पावसात जमिनीतून वर येतं ते शेवळं, म्हणजे ती रानभाजी, वहीच्या एका पानावर, आणि नंतर तिथेच उगवतं ते छत्रीसारख्या पानाचं झाड वेगळ्या पानावर, अशा दोन नोंदी आम्ही केल्या होत्या, तुम्ही तपासून सही पण केली होती. आजी म्हणाली अरे हे एकच, आधी फूल येतं मग पान. दुसऱ्या कुणी सरांनी ऐकून सोडून दिलं असतं. तुम्ही आम्हाला घेऊन गेलात, शेवळं खुडलं तिथे काठी रोवलीत, आणि महिन्याभराने काठीशेजारी ते पान बघितल्यावर वर्गात सगळ्यांसमोर स्वतःची सही खोडलीत, दोन्ही नोंदी जोडून खाली आजीचं नाव लिहायला मला दिलंत. शेवळाच्या भाजीची खाज मोडायला काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालतात हेही त्याच पानावर तिनेच सांगून लिहवलं.

सर, त्या दिवसापासून मी पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघते, हे कुणीतरी बघून, विचारून, भांडून लिहिलंय आणि आपणही त्यात भर घालू शकतो असं वाटतं. माझ्या वर्गात आता एकाच भाजीला टाकळा म्हणायचं की तरोटा यावर भांडण चालू आहे (एका मुलीची आई विदर्भातली, तिकडे तरोटा म्हणतात), मी दोन्ही नावं लिहायला सांगितली आहेत.

आजी गेल्या वर्षी गेली. ती वही तुमच्याकडे असेल तर शेवळांच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप कराल का? खूप खूप आभार सर.