बोट लागलं आणि पुस्तक गेलं

संपादक महोदय,

टॅबवर ईबुक कसं वाचायचं यावर तुमच्या पेपरात अधूनमधून लेख येतात, वाचतो मी, पण सगळ्यांची सुरुवात कुठलं अ‍ॅप घ्यायचं आणि अकाउंट कसं उघडायचं इथूनच, आणि नवशिका माणूस तिथेच दमतो. मी घरातल्या-ओळखीतल्या पाचसहा जणांना शिकवलंय, बहुतेक साठीच्या पुढचे. ते अ‍ॅपबिप आपणच उरकावं आणि पुस्तक उघडूनच हातात द्यावं.

खरी भीती वेगळीच असते. "अरे, बोट लागलं आणि पुस्तक गेलं!" गेलेलं काहीच नसतं, पानाच्या मधोमध टॅप झालं की वरखाली पट्ट्या येतात, परत मधोमध टॅप केलं की जातात, पण हे त्यांच्याच बोटाने दहा वेळा करून घ्यावं लागतं. आपण काय करतो, "द्या इकडे" म्हणून टॅब ओढून घेतो आणि दोन सेकंदात नीट करून देतो, मग ते शिकणार कधी?

दुसरं म्हणजे दाबणं. वय झालं की बोटं कोरडी पडतात, स्क्रीनला स्पर्श लागत नाही, मग माणूस बेलचं बटण दाबल्यासारखं दाबून धरतो आणि पान उलटायच्या ऐवजी एखादा शब्द सिलेक्ट होऊन भलतीच खिडकी उघडते. दाबू नका, नुसती टिचकी मारा, असं सांगितलं की जमतं.

अक्षर मोठं करायला मात्र पहिल्याच दिवशी शिकवा. ईपब प्रकारच्या ईबुकमध्ये ओळी आपोआप नव्याने बसतात, फक्त पानांचे आकडे बदलू शकतात (काल 84 वर होतो, आज 131 कसं, यावर आमच्याकडे अर्धा तास गेलाय). पीडीएफचं पान म्हणजे फोटोच जणू, मोठं केलं की ओळ बाहेर पळते. आणि जुनी मराठी पुस्तकं तर बरीचशी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच मिळतात! त्यावर सोपा इलाज म्हणजे ऑटो-रोटेट (टॅब वळवला की पानही वळणं) चालू करून टॅब आडवा धरायचा. एरवी ते बंदच ठेवा, नाहीतर कुशीवर झोपून वाचताना पान गरकन फिरतं.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी लेखासोबत, टॅप कुठे केल्यावर काय होतं याचं एक चित्र छापा, कापून टॅबच्या कव्हरमध्ये ठेवता येईल असं. आणि हो, मोठ्या टायपात.

आपला एक वाचक