ईराच्या वर्गाला आज्जीची गोष्ट हवी आहे

व्रोत्स्वाफ, पोलंड
१२ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबांना सगळं दोनदा सांगावं लागतं, आणि तिसऱ्यांदा सांगायच्या आत आई विषय संपवून टाकते, म्हणून हे पत्र. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मध्येमध्ये स्वतःची भर घालू नकोस. ती शेवटी मागितलेलीच आहे.

ईरा चौथीत गेली. इथे इतिहास हा वेगळा विषय चौथीपासून सुरू होतो, आणि पहिला धडा राजाचा नसतो, घराचा असतो. आजी-आजोबा कोण, कुठले, आडनाव कुठून आलं असलं सगळं. त्यातच बाईंनी मुलांना काम लावलंय. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी आपलं घर कुठे होतं, घरातली माणसं काय करत होती, ते सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. मग वर्गात एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. ईराने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "आमच्याकडे युद्ध झालंच नाही." बाई म्हणाल्या, "विचारून तर बघ."

या गावात हा प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. १९४५ पर्यंत हे शहर जर्मन होतं, नाव ब्रेसलाउ. मे महिन्यात ते पडलं, पुढे सीमा सरकल्या, शहर पोलंडच्या वाट्याला आलं आणि जर्मन लोकांना घरंदारं सोडून जावं लागलं. त्यांच्या घरांत आले ते पोलिश लोकही उठून आलेलेच, त्यातले पुष्कळ ल्वुवकडचे, म्हणजे आज जे युक्रेनमध्ये आहे तिकडचे. त्यामुळे ईराच्या वर्गात 'आम्ही इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे' असं म्हणणारं जवळजवळ कुणी नाही. आमच्या जिन्यातल्या जुन्या दारांना पत्र टाकायच्या फटी आहेत ना, त्यांच्या पितळी झाकणांवर अजून जर्मन अक्षरं आहेत. रोज त्यांच्यावरून हात फिरतो आणि कुणी लक्ष देत नाही.

एका मुलीने कॉफी दळायचं लाकडी यंत्र आणलं होतं. खाली छोटा खण, वर फिरवायचा दांडा, आणि दांड्याची मूठ झिजून एका बाजूला सपाट झालेली. ती म्हणाली, "हे आमच्या पणजीला घराबरोबर मिळालं." बाईंनी विचारलं, आधी ते कुणाचं होतं? पोरीला माहीत नव्हतं. आजीला विचारून ये, म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात ती सांगत आली की आजीलाही माहीत नाही, पण पणजी आली तेव्हा खणात थोडी दळलेली कॉफी शिल्लक होती. मला बाईंचं हे फार आवडलं. त्यांनी पुढे काही भाष्य केलं नाही. मुलीने वहीत तेवढंच लिहिलं. नाहीतर असल्या उपक्रमात कुणाचे तरी वडील येऊन पणजोबांनी किती शत्रू लोळवले ते अर्धा तास सांगतात. तसे एक आलेच होते, आणि पोरं खिडकीबाहेर बघत होती.

आता आपल्याकडे येते. बाबा, इथून नीट ऐका.

एका मुलाची पणजी १९४० साली कुटुंबासकट सायबेरियात पाठवली गेली होती. पोलंडचा पूर्वेकडचा भाग रशियाने घेतला तेव्हा लाखो लोकांना असं मालगाड्यांत भरून नेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, मग स्टालिनने या पोलिश लोकांना सोडायचं कबूल केलं. पुरुष जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेत भरती झाले. बायका-मुलं फौजेच्या मागोमाग कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तिथून पुढे त्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न. या मुलाची पणजी कराचीमार्गे आफ्रिकेत गेली, टांगानिकातल्या टेंगेरूच्या छावणीत. तो नकाशावर बोट फिरवत सांगत होता, आणि कराचीवर आल्यावर म्हणाला, "इथून काहीजण भारतात गेले, वळीवडे नावाच्या गावाला."

ईरा घरी येऊन मला विचारते, "आई, वळीवडे आपलंच ना? ट्रेनमधून दिसतं ते?"

तेच. रुकडी सोडल्यावर, कोल्हापूरच्या आधी लागतं ते. १९४३ ते १९४८ तिथे जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं होतं. बाबा, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्या आईचं माहेर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. आज्जी वडिलांबरोबर छावणीत दूध घालायला जायची, हे मी लहानपणी कितीदा ऐकलंय. पण ते ऐकलं गमतीची गोष्ट म्हणून. मडमा मराठीत आकडे मोजायच्या, दुधात पाणी असलं तर बोट बुडवून दाखवायच्या, आणि सगळ्यात मोठं नवल म्हणजे आपलं धुणं आपण धुवायच्या. गोरी बाई दगडावर कपडे आपटते हे बघायला म्हणे पोरीबाळी थांबायच्या. आणखी एक वाक्य आज्जी नेहमी म्हणायची, "त्यांच्यात बाप्या माणूस दिसायचा न्हाई." ते वाक्य मला आत्ता कळतंय. बाप्ये अँडर्सच्या फौजेबरोबर इटलीत लढत होते.

आणि इटलीत आपले थोरले आबाही होते.

मी तारखा लावून बघितल्या. कॅसिनोच्या डोंगरावरचा मठ पोलिश फौजेने १८ मे १९४४ ला घेतला. ती शेवटची लढाई ११ मेच्या रात्री सुरू झाली, आणि त्याच रात्री खाली गारी नदी ओलांडणाऱ्यांत आठवी हिंदी डिव्हिजन होती. तिच्यात मराठा पलटण. दोन्ही फौजा ब्रिटिशांच्या एकाच आठव्या आर्मीत. म्हणजे बायका पंचगंगेच्या काठी आज्जीकडून दूध घेतायत, आणि त्यांचे नवरे, भाऊ तिकडे आपल्या गावच्या माणसांच्या शेजारी लढतायत. थोरले आबा त्या रात्री तिथेच होते का, ते मला माहीत नाही, उगाच जोडायचंही नाही. त्यासाठीच तर तुम्हाला विचारतेय.

बाईंना मी यशवंत घाडगेंचंही सांगितलं. माणगावकडचा बावीस वर्षांचा नाईक, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारक झालं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे छान आहे, पण हे तुमच्या घरातलं नाही. बरोबर होतं त्यांचं. त्यांना दूधवाली हवी होती.

वळीवडे छावणी उठल्यावर काय झालं, हे बाईंना सांगितलं तेव्हा मात्र त्या लिहून घ्यायला लागल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि तिचं गांधीनगर झालं. माझ्या लग्नाचा बस्ता आपण गांधीनगरलाच बांधला. आई त्या दुकानात शालूवरून दोन तास घासाघीस करत बसली होती, आणि ते शेठ सांगत होते की त्यांचे वडील आले तेव्हा इथे नुसत्या कौलारू चाळी होत्या. त्या चाळी कुणाच्या, ते तेव्हा आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. बाई म्हणाल्या, ईराने हेच सांगावं, या वर्गाला ते लगेच समजेल.

वर्गात युक्रेनच्याही मुली आहेत. त्यातली एक ईराच्या बाकावर बसते. तिचे वडील २०२२ पासून आघाडीवर. बाईंनी तिच्या आईला आधीच सांगून ठेवलं होतं की तिने काहीही आणलं तरी चालेल, नाही आणलं तरी चालेल. तिने काही आणलं नाही. इतरांसाठी भिंतीवरच्या मोठ्या नकाशाला दोरे लावायचं काम तिने घेतलं, कोणाची पणजी कुठून कुठे गेली ते. टेंगेरूचा दोरा तिनेच लावला. दहा वर्षांच्या पोरांना हे सगळं द्यावं का, यावर माझं मत अजून दोन्हीकडे झुकतं. घरी आल्यावर ईरा त्या दिवशी जेवताना काही बोलली नाही, आणि रात्री मला म्हणाली, तिचा दोरा अजून लावायचा राहिलाय.

वस्तूचा प्रश्न ईरानेच सोडवला. उन्हाळ्यात आली होती तेव्हा बाबांच्या पत्र्याच्या डब्यातला भोकाचा पैसा तिने मागून आणला होता, तो दप्तराच्या चेनला बांधलाय. काल मी तो भिंगाखाली धरला. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला पानांची वेल, मधे हे एवढं भोक, आणि साल १९४४. हा पैसा युद्धामुळेच असा झाला. धातू वाचवायचा होता म्हणून १९४३ पासून सरकारने पैशाचं पोटच कापून काढलं. आई, तूच सांगायचीस ना, लहान पोरांच्या करगोट्यात असले पैसे ओवायचे म्हणून? आमच्याकडे युद्ध झालं नाही म्हणणारी पोरगी ते दप्तराला लटकवून शाळेत जात होती.

वर्गात गोष्ट सांगायची ईराची पाळी पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत एवढं करा.

बाबा, आज्जी दूध घालायला जायची ते नेमकं किती साली, तिच्याबरोबर आणखी कोण असायचं, छावणीतल्या एखाद्या बाईचं नाव ती घ्यायची का, ते आठवेल तसं बोला. सलग नसलं तरी चालेल. सकाळी फिरायला जाता तेव्हा महावीर गार्डनमधल्या पोलिश स्मारकाचा एक फोटो काढा, बोट मधे न येता.

थोरल्या आबांची पेटी काकूंच्या माळ्यावर आहे. त्यांना माझं नाव सांगून मागा, तुम्ही मागितली तर जुनं काहीतरी निघेल आणि पेटी राहील बाजूला. त्यात सहा टोकांचा एक तारा असेल, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचा, तो इटलीचा. त्याच्यावर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं सापडेल. ब्रिटिश सैनिकांच्या ताऱ्यांवर सरकारने नावं घातली नव्हती, हिंदी फौजेच्या घातली. तो नंबर मला हवा आहे, त्यावरून त्यांची पलटण कुठे होती ते शोधता येईल. तारा चिंचेने घासू नका. आई, हे तुला.

आणि आई, तुझ्या माहेरचंही सांग. तुझे वडील तेव्हा मुंबईत गिरणीत होते, रेशनिंगचे दिवस, तू ते कधी आपणहून सांगितलं नाहीस आणि आम्ही विचारलं नाही. ईरा विचारतेय.

आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, शेजारच्या मुलाला सांगितलं तर तो करून देईल. तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा. मागच्या खेपेला बाबांच्या गोष्टीपेक्षा मालिकेतली सासूच जास्त ऐकू आली, आणि ईराने तिचंही भाषांतर मागितलं.

तुमची,
सुमा