दख्खनी लोकर आणि एन्झाइम

चि. सानिका हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दख्खनी मेंढीची लोकर प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या, एन्झाइमने मऊ करण्याचा प्रकल्प तू निवडलास, याचा आनंद झाला; मात्र पहिलाच नमुना हाताला मऊ लागला म्हणून लगेच निष्कर्ष लिहायला बसू नकोस.

लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांची टोके शेंड्याकडे असल्यामुळे धुताना तंतू एकाच दिशेने सरकतात, मागे फिरत नाहीत. म्हणून कापड आटते. ते टाळण्यासाठी क्लोरीनने खवले झिजवून वर पॉलिमरचा पातळ थर देण्याची पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे, पण तिच्या सांडपाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये उतरतात आणि त्यामुळेच अनेक जण एन्झाइमकडे वळले.

खरी अडचण पुढे आहे. खवल्यांत गंधकाचे बंध दाट असतात, वर मेदाम्लाचा थर असतो. त्यामुळे प्रोटिएज खवला सोडून दोन खवल्यांमधल्या फटीतून आत शिरते आणि गाभा पोखरते. असा पोखरलेला तंतूही बोटांना मऊच लागतो! म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया देऊन पृष्ठभाग मोकळा करतात, किंवा एन्झाइम मोठ्या पॉलिमरला जोडतात, म्हणजे ते आकारामुळे बाहेरच राहते. पपईच्या चिकातले पपेन वापरणार असशील तर सोबतचे सल्फाइट बेताने घाल, कारण ते पपेनला चेतवते आणि गंधकाचे बंधही तोडते. वेळ संपताच नमुना 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात घालून क्रिया थांबव. नुसते खळबळून भागत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काही तंतूंवर ब्रोमीनचे पाणी सोडून पाहा (प्रयोगशाळेतल्या वायू ओढून घेणाऱ्या कपाटातच, म्हणजे फ्यूम हूडमध्ये; नुसती खिडकी उघडून नव्हे). बाह्यत्वचा, म्हणजे खवल्यांवरचा सर्वांत बाहेरचा पातळ पापुद्रा, शाबूत असेल तर कडेने बुडबुड्यांसारखे फुगवटे उठतात. ती गेली असेल तर उठत नाहीत.

आणखी एक. अंगाला टोचणे मुख्यतः सुमारे 30 मायक्रॉनहून जाड तंतूंमुळे असते, आणि दख्खनी लोकरीत असे तंतू भरपूर असतात. खवले कितीही घासलेस तरी तिची मेरिनो मेंढीसारखी तलम लोकर होणार नाही. घोंगडीचा ताठपणा तर बराचसा चिंचोक्याच्या खळीचा असतो, तो एन्झाइमच्या खात्यावर मांडू नकोस. माझ्या मते गळ्यातल्या शालीपेक्षा जाजम किंवा अस्तर लावलेले जाकीट हे तुझ्या कापडाचे योग्य ठिकाण आहे.

वजनातली घट आणि तंतू तुटण्यास लागणारे बल, दोन्ही आकडे प्रक्रिया न केलेल्या नमुन्याच्या आकड्यांसह पाठव. मग पुढच्या चाचणीचे बोलू.

तुझे बाबा