लशीतल्या पेशी पक्व आहेत का, हे विचारा

संपादक महोदय,

कॅन्सरवरील पेशींच्या लशीबद्दल लिहिताना ‘रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत टोचतात’ एवढ्यावरच बहुतेक वेळा बोळवण होते. जिच्यावर सगळे अवलंबून, ती गोष्ट राहून जाते: टोचलेल्या डेन्ड्रायटिक पेशी, म्हणजे परक्या प्रथिनाची ओळख इतर प्रतिकारपेशींना करून देणाऱ्या पेशी, पक्व हव्यात.

गाठ आपल्याच पेशींतून उगवते, म्हणून प्रतिकारयंत्रणा तिला घरचीच समजून सहन करते. हल्ला करणाऱ्या टी पेशीला गाठीतले प्रथिन नुसते दाखवून भागत नाही; सोबत सीडी८० आणि सीडी८६ या रेणूंचा दुसरा इशारा लागतो. तो मिळाला नाही, तर टी पेशी चवताळण्याऐवजी निपचित पडते. अपक्व पेशींवर हे रेणू तुटपुंजे असतात. अर्धीकच्ची लस नुसती वाया जात नाही. जी सहनशीलता मोडायची, तीच ती पक्की करू शकते.

ल्यूकाफेरेसिसने, म्हणजे रक्त यंत्रातून फिरवून, पांढऱ्या पेशी काढतात आणि त्यांतल्या मोनोसाइट या प्रकारच्या पेशी जीएम-सीएसएफ व इंटरल्यूकिन-४ या संकेत देणाऱ्या प्रथिनांत ५ ते ७ दिवस ठेवतात. तयार होतात त्या अपक्व डेन्ड्रायटिक पेशी. त्यांना गाठीतले प्रथिन देऊन टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ व प्रोस्टाग्लँडिन ई२ या दाहाचा इशारा देणाऱ्या रेणूंच्या मिश्रणात आणखी १-२ दिवस पिकवतात. हा टप्पा आखडता घेऊन चालत नाही. पक्व पेशी तळ सोडून तरंगू लागते, अंगाभोवती झालरीसारखे पातळ पापुद्रे फुटतात. तरी डोळ्यांवर विसंबू नये. पेशींवरचे रेणू मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत पक्वतेच्या खुणा सीडी८३ व सीडी८६ चढलेल्या, मोनोसाइटची खूण सीडी१४ उतरलेली दिसायला हवी. प्रोस्टाग्लँडिनमुळे पेशी लसिकाग्रंथींकडे जाऊ लागतात, पण टी पेशींना धार देणारे इंटरल्यूकिन-१२ घटते. हा पेच आम्हाला सर्वांत अवघड वाटतो.

शिवाय गाठीभोवती हल्ला आवरणाऱ्या नियामक टी पेशी आणि टी पेशींना थोपवणारा पीडी-एल१ हा रेणू यांचा पहारा असतोच.

अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झालेल्या सिप्युल्यूसेल-टी या पेशींच्या लशीच्या चाचणीत प्रोस्टेट कॅन्सरचे ५१२ रुग्ण होते. लस मिळालेल्यांच्या जगण्याच्या कालावधीचा मध्यक, लस न मिळालेल्यांच्या २१.७ ऐवजी, २५.८ महिने आला. गाठ मात्र क्वचितच आक्रसली. चार महिने थोडे नव्हेत, पण ‘गाठ विरघळेल’ या आश्वासनाला त्यात आधार नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी पैसे भरण्याआधी त्या बॅचचा अहवाल मागावा: जिवंत पेशी किती, त्यांतल्या सीडी८३ असलेल्या किती टक्के, निर्जंतुकता व एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या विषाची) तपासणी झाली का. आपल्या वार्ताहरांनीही हेच प्रश्न विचारावेत, ही कळकळीची विनंती.

— रोगप्रतिकारशास्त्राचे दोन अभ्यासक