चि. मानसीस पत्र

पुणे

चि. मानसीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्याकडचे गुण जर्मन श्रेणीत बदलणारे तुझे पायथन पॅकेज मी रविवारी लॅपटॉपवर बसवले आणि वहीत कागदावर सोडवलेली उदाहरणे एकेक करून त्यात घालून पाहिली. पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात, तुझे नाव पाहून मला फार आनंद झाला. मात्र एका उदाहरणाशी मी थांबले.

आपल्याकडचा ६.९ सीजीपीए (सर्व सत्रांचा सरासरी गुणांक) घे. कमाल १०, उत्तीर्ण होण्यास किमान ४. जर्मनीत वापरतात त्या सुधारित बव्हेरियन सूत्राने कमालातून मिळालेला गुणांक वजा करायचा, त्याला कमाल आणि किमान यांच्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. उत्तर नेमके २.५५ येते. तुझे पॅकेज २.५ दाखवते. शाळेच्या रीतीने एका दशांशापर्यंत पूर्णांकन केले तर ते २.६ व्हायला हवे. जर्मनीत आकडा जितका कमी तितकी श्रेणी चांगली, आणि तिकडच्या अनेक अभ्यासक्रमांची प्रवेशमर्यादा २.५ असल्यामुळे हा फरक किरकोळ नाही. पायथनमधली साधी दशांश संख्या २.५५ नेमकी साठवू शकत नाही, ती किंचित कमी साठवते, म्हणून पूर्णांकन करणारे राउंड हे फंक्शन खालचा आकडा देते. दशांश संख्या नेमक्या साठवणारे डेसिमल मॉड्यूल वापरलेस, आणि सीजीपीए मजकूर म्हणून घेतलास, तर ही चूक जाईल.

तरीही प्रश्न उरतोच, कारण पहिल्या दशांशापुढचे अंक न वाढवता सोडून देण्याची रीतही जर्मनीत आहे, आणि त्या रीतीने २.५ हेच बरोबर ठरते. म्हणून माझे मत असे की पॅकेजने २.५५ जसेच्या तसे द्यावे आणि पूर्णांकनाचा नियम वापरणाऱ्याला स्वतः निवडायला लावावा.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. सीजीपीएची टक्केवारी करताना तू सगळीकडे ९.५ ने गुणले आहेस. तो गुणक सीबीएसईने दहावीसाठी दिला होता. विद्यापीठांचे नियम वेगवेगळे आहेत. त्याच ६.९ चे ६५.५५ टक्के करून, शंभरपैकी चाळीस किमान धरून सूत्रात घातले, तर २.७२ येते. मुलीचे गुण तेच, आणि ती २.५५ ची की २.७२ ची हे आपण कोडमध्ये गुपचूप ठरवून टाकले! इतकी वर्षे निकालपत्रके तपासताना मी अशा एका आकड्यासाठी विद्यार्थ्यांना खेटे घालताना पाहिले आहे, म्हणून कळकळीने सांगते: विद्यापीठाचा नियम दिला नसेल, तर पॅकेजने टक्केवारी देऊच नये, स्पष्ट त्रुटी दाखवावी. ३.५ सारख्या अनुत्तीर्ण गुणांकालाही ते आज ४.२ देते, तिथेही तसेच कर.

एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा दुरुस्ती नव्या आवृत्तीत दे आणि ०.१.० ही आताची आवृत्ती यँक करून (मागे घेतल्याची खूण करून) ठेव, म्हणजे नव्याने घेणाऱ्यांना ती आपोआप मिळणार नाही आणि जिने नेमकी तीच मागितली आहे तिचे काम अडणार नाही. बदलांच्या नोंदीत जुनी उत्तरे का चुकली ते ६.९ च्या उदाहरणासह लिही. जिने जुने उत्तर अर्जात भरले असेल, तिला ते कळायला हवे.

वहीची पाने स्कॅन करून पाठवते आहे. त्यातले प्रत्येक उदाहरण चाचणी म्हणून घाल.

तुझी,
आई