बुटांच्या नाड्या सोडणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

त्या दिवशी आपल्यासमोर मला आभाराचा एक शब्दही बोलता आला नाही. वर्ष उलटले तरी ती खोली आठवली की गळा दाटून येतो, म्हणून हे लिहूनच कळवते.

माझ्या भाचीला जन्मतःच एचआयव्हीची लागण झालेली होती, पण ती सहा वर्षांची होऊन माझ्याकडे राहायला येईपर्यंत ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. एचआयव्हीच्या विषाणूला रोखणाऱ्या गोळ्यांची एआरटी सुरू झाली. तिच्या लघवीला फेस येतो, असे मी तीन ठिकाणी सांगितले. लघवीच्या अहवालात प्रथिनांपुढे अधिकची दोन चिन्हे होती, त्यावर ‘तापामुळे असेल’ एवढेच उत्तर मिळाले. मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते ते क्रिएटिनिन ०.८ आले, ते ‘नॉर्मल’ ठरले. एका ठिकाणी तर ‘गोळ्यांनीच झाले असेल, थांबवून बघा, अशा मुलांचे असेच चालायचे’ हे शब्द ऐकावे लागले, तेही टेबलापलीकडून, तिला हात न लावता. गोळ्या मी थांबवल्या नाहीत. मात्र अंगावर सूज नाही म्हणून मीही काही दिवस गप्प बसले, आणि ते आजही मला टोचते.

आपण कागद चाळून पहिला प्रश्न विचारलात, “हिची उंची किती?” ती कोणत्याच कागदावर नव्हती. मग आपण स्वतः जमिनीवर बसलात, तिच्या बुटांच्या गाठ बसलेल्या नाड्या नखांनी सोडल्यात, तिचे पाऊल तळहातावर घेऊन मोजा काढलात आणि तिला भिंतीला टाचा टेकवून उभे केलेत. ११० सेंटिमीटर. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे लहानखुऱ्या मुलांमध्ये ते मुळातच कमी असते, हे आपण मला समजावलेत. मोठ्या माणसाला शोभणारा ०.८ हा आकडा तिच्या उंचीशी ताडून पाहिला, तेव्हा जिथे मूत्रपिंडाचे काम नव्वदीच्या वर हवे, तिथे ते जेमतेम ५७ निघाले.

पुढच्या तपासण्यांचा पाढा वाचत नाही. विषाणू मूत्रपिंडाच्याच पेशींत शिरून गाळणी बिघडवत होता आणि एआरटी हाच त्यावरचा मुख्य उपाय होता, म्हणजे जे थांबवायला सांगितले गेले तेच तिला वाचवणारे होते. रक्तदाब वाढलेला नसतानाही प्रथिनांची गळती कमी व्हावी म्हणून दिलेली एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी ती आजही न कुरकुरता घेते.

औषधे कदाचित दुसऱ्या कोणीही लिहून दिली असती. पण आजारी लेकराच्या पायाशी बसायला ज्यांना कमीपणा वाटत नाही, अशी माणसे फार थोडी भेटतात. त्या बसण्यातूनच उंची मोजली गेली आणि आजार सापडला. तिच्या पायाला परक्या माणसाने इतक्या सहज हात लावल्याचे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

आता प्रथिनांपुढे अधिकचे एकच चिन्ह उरले आहे. उंची ११५ झाली आहे, आणि तो आकडा आपल्याला स्वतः सांगायचा म्हणून तिने मला तो इथे लिहू नको असे बजावले होते. तेवढा तिचा शब्द मी मोडला आहे.

आपली कृतज्ञ,
तिची मावशी